आरोग्यसेवा, आपला समाज आणि विश्वास

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात बहुधा निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे शिक्षण आणि नोकऱ्या या विषयांवर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र अध्यक्षसाहेबांनी सांगितले की, तुम्ही जन्मभर जे काम केले त्याविषयी बोला. मी जन्मभर पूर्व विदर्भातल्या खेड्यांतून आरोग्य कर्मचारी म्हणून फिरलो. सायकलच्या कॅरिअरला रक्ताच्या काचपट्ट्यांची पेटी, पिशवीत गोळ्या आणि काखेत रजिस्टर, एवढेच माझे भांडवल होते. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. जे पाहिले, जे चुकले आणि त्यातून जे उमगले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे वीस आजारांचा एक गट केला आहे. त्यांना 'उपेक्षित आजार' म्हणतात. उपेक्षित अशासाठी की ते उष्ण प्रदेशातल्या गरिबांना होतात, आणि गरिबांच्या दुखण्याची बातमी होत नाही. यांतले बहुतेक आजार माणसाला लवकर मारत नाहीत. ते त्याला कामातून, सोयरिकीतून आणि चारचौघांतून उठवतात. आपल्या भागात या गटातले दोन आजार जुने आहेत. एक हत्तीरोग, ज्याला गावात हत्तीपाय म्हणतात, आणि दुसरा कुष्ठरोग. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि तलावांच्या पट्ट्यात ज्याने हत्तीपाय पाहिला नाही असा म्हातारा माणूस मिळणे कठीण.

दोन्ही आजारांवर आज औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग ते अजून का टिकून आहेत? त्याची कारणे अनेक आहेत. पण तीस-पस्तीस वर्षे दारोदार हिंडल्यावर मला एक कारण सर्वांत मोठे वाटते. औषध देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जो विश्वास हवा तो पुष्कळदा नसतो. तो का नसतो आणि कसा येतो, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम हत्तीरोगाविषयी दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. हा रोग एका बारीक दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो. तो क्यूलेक्स जातीच्या डासामार्फत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. हा डास तुंबलेल्या नाल्या, सांडपाण्याची डबकी आणि संडासच्या टाक्या अशा घाण पाण्यात वाढतो. जंत माणसाच्या रसवाहिन्यांत पाच ते आठ वर्षे जगतात आणि त्यांची असंख्य पिल्ले रक्तात सोडतात. ही पिल्ले दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री डास चावायच्या वेळेला कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून ही पिल्ले शोधण्यासाठी रक्त रात्री तपासावे लागते. लागण पुष्कळदा लहानपणी होते, पण पाय सुजणे किंवा पुरुषांना अंडवृद्धी होणे हे वीस-पंचवीस वर्षांनी दिसते. ज्याच्या रक्तात पिल्ले आहेत तो धडधाकट दिसतो, शेतात राबतो, आणि त्याला कसलीही तक्रार नसते. पण त्याच्याच रक्तातून डास रोग घेऊन शेजाऱ्याकडे जातो.

आता कल्पना करा. १९८७ साल होते. गावात वीज असूनही अंधार. रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले आणि दारावर थाप पडते. दारात दोन अनोळखी पुरुष, एकाच्या हातात बॅटरी आणि दुसऱ्याच्या हातात सुई. म्हणतात, घरातल्या सर्वांची बोटे पुढे करा, रक्त घ्यायचे आहे. घरात कोणीही आजारी नाही. त्या घरातल्या माणसांनी काय समजावे? त्या दोन पुरुषांपैकी एक मी होतो.

आपल्या मोहल्ल्यात त्या रात्री निम्म्या घरांची दारे उघडली नाहीत. कोणी म्हणाले, रक्त विकायला नेतात. कोणी म्हणाले, सुईतून नसबंदीचे औषध घालतात. मी स्वतः मुसलमान, त्यांच्या नात्यागोत्यातला, तरी माझ्याकडेही लोक संशयाने पाहत होते. पण ज्यांनी दार उघडले त्यांचे रक्त आम्ही घेतले, काचपट्ट्या नेल्या, आणि माझ्या समजुतीप्रमाणे काम संपले.

पुढल्या साली पुन्हा त्याच मोहल्ल्यात गेलो. एक वयस्क बाई होत्या, सारे त्यांना खाला म्हणत. गेल्या साली सर्वांत आधी बोट पुढे करणाऱ्या त्याच होत्या. या खेपेला त्या दारात हात आडवा धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबू, मागच्या साली नेलेल्या रक्ताचं काय झालं, ते आधी सांग."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरी गोष्ट अशी होती की काचपट्ट्या तपासून त्याचा आकडा वरच्या कार्यालयात गेला होता. ज्यांच्या रक्तात जंतांची पिल्ले सापडली त्यांची यादीही निघाली होती. पण ती यादी कार्यालयाच्या कपाटात पडून राहिली. ज्यांना गोळ्या मिळायला हव्या होत्या त्यांना त्या मिळाल्या नाहीत, आणि ज्यांचे रक्त चांगले होते त्यांना तसे कोणी कळवले नाही. आम्ही लोकांकडून रक्त घेतले आणि बदल्यात एक शब्दही दिला नाही. वर अहवालात मी काय लिहिले होते? 'अज्ञानामुळे सहकार्य नाही.' बंधू-भगिनींनो, ते वाक्य आठवले की आजही मला शरम वाटते. अज्ञान त्यांचे नव्हते. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

त्या रात्री मी रक्त घेतले नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन, बरीच बोलणी खाऊन, ती यादी उतरवून आणली. मग आठवडाभर रोज संध्याकाळी एकेका घरी गेलो. ज्यांचे रक्त निर्दोष होते त्यांना तसे सांगितले. त्या मोहल्ल्यातली सात माणसे दोषी निघाली होती. त्यांना प्रत्येकाला घरात बसवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानावर जाऊ न देता सांगितले आणि गोळ्या दिल्या. त्या सातांत खालांचा धाकटा मुलगाही होता. वर्षभर तो रक्तात रोग घेऊन फिरत होता आणि आमच्या कपाटातल्या कागदावर त्याचे नाव होते. खाला मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या की आता रक्त न्या, पण निरोप घेऊन या. त्यानंतर त्या मोहल्ल्यात एकही दार बंद राहिले नाही. मी कसलेही व्याख्यान दिले नव्हते. फक्त घेतलेल्या रक्ताचा हिशेब दिला होता.

मुद्दा हा की, अविश्वासाला कारण असते. ते कारण शोधल्याशिवाय नुसता उपदेश करून काही होत नाही. आपल्या समाजात तर हे कारण आणखी खोल आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सक्तीच्या नसबंदीचे जे प्रकार घडले, ते ज्यांनी पाहिले त्यांनी आपल्या मुलांना सांगितले आणि त्या मुलांनी त्यांच्या मुलांना सांगितले. म्हणून कोणतीही सरकारी सुई, कोणताही थेंब, कोणतीही गोळी आली की पहिला प्रश्न उठतो, यामागे काही दुसरा हेतू तर नाही?

हा संशय किती महाग पडतो, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २००२ साली आपल्या देशात पोलिओची सुमारे १६०० मुले नोंदली गेली. त्यांतली बहुतेक उत्तर प्रदेशातली होती, आणि त्यांत आपल्या समाजातल्या मुलांचे प्रमाण फार मोठे होते. थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा होती. ज्यांनी दारे लावून घेतली त्यांच्याच मुलांचे पाय गेले. पण पुढे काय झाले तेही पाहा. सरकारने आणि युनिसेफने रीत बदलली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या आपल्या शिक्षणसंस्था कामात उतरल्या. उलेमांनी मशिदीतून आवाहन केले. त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर जाऊ लागल्या आणि थेंबांविषयीच नव्हे तर मुलांच्या ताप-जुलाबाविषयीही बोलू लागल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रोगी आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. विद्यार्थी मित्रांनो, या कामात शिक्षणसंस्थांचा वाटा होता हे विसरू नका. म्हणूनच मी आज हा विषय या व्यासपीठावर घेतला आहे.

आता गोळ्यांकडे वळू. रात्री रक्त तपासून एकेक रोगी शोधण्यापेक्षा, रोग असलेल्या भागातल्या सर्वांनाच वर्षातून एकदा औषध द्यावे, अशी पद्धत २००४ पासून देशभर सुरू झाली. प्रथम डीईसी नावाची गोळी होती, पुढे तिच्याबरोबर अल्बेंडाझोल आली, आणि २०१८-१९ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळी जोडली गेली. अशा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला नागपूर जिल्हा होता. गोळ्या वय आणि उंची पाहून देतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे यांना देत नाहीत. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत आणि कर्मचाऱ्यासमोरच घ्यायच्या. एकूण लोकसंख्येपैकी निदान शंभरातल्या पासष्टांनी दरवर्षी खरोखर गोळ्या गिळल्या, तरच काही वर्षांत रोगाची साखळी तुटते. खिशात ठेवलेली गोळी कोणाच्याही उपयोगाची नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. ज्याच्या रक्तात जंतांची पिल्ले आहेत, त्याला गोळी घेतल्यावर ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर येऊ शकते. पिल्ले मरतात म्हणून हे होते, आणि ते बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला गोळीची गरज होती, असा त्याचा अर्थ निघतो. पण हे आधी सांगितले तर! पुष्कळ ठिकाणी 'काही होत नाही, घ्या' एवढेच सांगून कर्मचारी पुढल्या गल्लीत जातो. संध्याकाळी त्या घरात तिघांना ओकारी होते, रात्री ही बातमी गावभर होते, आणि सकाळी कोणीही गोळी घेत नाही. मी माझ्या हाताखालच्या मुलांना एकच सांगत असे. त्रास होऊ शकतो हे आधी सांगा, का होतो ते सांगा, आणि संध्याकाळी त्या गल्लीतून पुन्हा एक चक्कर मारा. ज्याला ताप आला त्याच्या खाटेजवळ दहा मिनिटे बसलात, तर पुढल्या वर्षी तोच शेजाऱ्याला गोळी घ्यायला सांगेल.

रमजानची एक हकीकत सांगतो. एका साली गोळ्यांची मोहीम नेमकी रमजान महिन्यात आली. पथक सकाळी दहाला मोहल्ल्यात जाई, घरोघर गोळ्या पुढे करी, लोक 'आज नको' म्हणत, आणि रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे 'नकार' असा शेरा पडे. तीन दिवसांत मोहल्ल्याच्या मोहल्ला 'नकार' झाला. वरून विचारणा आली की तुमचे लोक औषध का घेत नाहीत? मी म्हटले, साहेब, लोकांनी औषधाला नकार दिलेला नाही, त्यांचा रोजा आहे. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही असे आपणच सांगतो. मग आम्ही पेशइमाम साहेबांना भेटलो. त्यांनी इफ्तारनंतरची वेळ सुचवली आणि तरावीहला आलेल्या पुरुषांना मशिदीच्या ओट्यावर बसून गोळ्या घेण्यास सांगितले. पहिली गोळी त्यांनी स्वतः घेतली. बायकांसाठी आशाताई आणि नर्सबाई रात्री घरोघर गेल्या. चार रात्रींत काम झाले. रजिस्टरमधला 'नकार' हा शब्द किती खोटा असू शकतो, हे मी तेव्हा शिकलो. पण आपलीही चूक होतीच. 'आज नको' म्हणून दार लावण्याऐवजी 'रोजा आहे, मगरिबनंतर या' असे एका माणसाने जरी नीट सांगितले असते, तरी तीन दिवस वाया गेले नसते.

आता ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्याविषयी. गोळीने जुनी सूज जात नाही. पण पायाला जे वारंवार तापाचे आणि वेदनेचे झटके येतात, ते भेगांतून आणि जखमांतून जंतू शिरल्याने येतात. ते टाळण्याचा उपाय साधा आहे. पाय रोज साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने कोरड्या कराव्यात, भेगांना मलम लावावे, बसताना पाय उंच ठेवावा आणि सैल चप्पल घालावी. ज्या समाजात दिवसातून पाच वेळा वजू करताना पाय धुतात आणि बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवतात, त्या समाजाला ही गोष्ट परकी वाटू नये. पण प्रत्यक्षात काय होते? हत्तीपाय झालेला माणूस वजूखान्यावर लोक बघतात म्हणून मशिदीत येणेच सोडतो. एका गावी जमातीने वजूखान्याच्या टोकाला एक उंच बाक ठेवला आणि तेथे साबण आणि स्वच्छ फडक्याची सोय केली. तीन वर्षे जुम्म्याला न आलेले एक चाचा त्यानंतर येऊ लागले. त्या बाकाला किती खर्च आला असेल, याचा हिशेब आपणच करा. आणि अंडवृद्धी झालेल्यांनी लाजून घरी बसू नये. तिची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

दुसरा आजार कुष्ठरोग. याचे जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले. तेव्हापासून हे सिद्ध आहे की हा रोग कोणाच्या पापाचे फळ नव्हे, घराण्याचा दोष नव्हे, तो जंतूंनी होतो. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूंना तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोगी बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचे थांबते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या जागी स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, खाजत नाही, दुखत नाही, ही त्याची खूण. दुखत नाही म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही.

येथे विश्वास कसा मोडला ते सांगतो. त्या काळी कुष्ठरोगाची यंत्रणा वेगळी होती आणि तिच्या जीपवर मोठ्या अक्षरात रोगाचे नाव रंगवलेले असे. ती जीप ज्या दारात थांबे त्या घरच्या मुलींची सोयरीक थांबे. आमचा हेतू चांगला होता, पण आम्ही मदत करायला जात होतो आणि जाहिरात करून येत होतो. एका घरी नववीतली मुलगी होती. तिच्या दंडावर चट्टा आला. आईने जीप पाहिली होती. तिने मुलीला पूर्ण बाह्यांचा कुर्ता शिवला आणि वर्षभर मलमे लावली. मुलीची करंगळी आणि तिच्याजवळचे बोट वाकू लागले तेव्हा ती मंडळी रात्री माझ्या घरी आली, दवाखान्यात नव्हे. उपचार झाला, रोग गेला, चट्टाही गेला. बोटे मात्र तशीच राहिली. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे. सुईत दोरा ओवायचा झाला तर ती मुलाला हाक मारते. सहा महिने आधी आली असती तर तिच्या हाताला काही झाले नसते. दोष आईचा किती आणि आमच्या जीपचा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता ती रीत राहिलेली नाही. कुष्ठरोगाचा उपचार नेहमीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच, सर्दी-तापाच्या रोग्यांबरोबर मिळतो. शोध मोहिमेत घरोघर येणाऱ्या जोडीत एक स्त्री असते, आणि बायकांची तपासणी तिनेच आडोशाला करावी अशी अपेक्षा आहे. तसे होत नसेल तर आपण तसे मागितले पाहिजे, तो आपला हक्क आहे. रोग्याच्या घरच्या आणि निकटच्या माणसांना प्रतिबंधक औषधाचा एक डोस देण्याचे कामही २०१८ पासून सुरू झाले आहे.

कायद्याचीही एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असणे हे फारकत मागण्याचे एक कारण म्हणून नमूद होते. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यातही तशी तरतूद होती. २०१९ साली संसदेने ती सर्वांतून काढून टाकली, कारण जो रोग पूर्ण बरा होतो त्यापायी संसार मोडण्यात न्याय नाही. कायद्याने आपली समजूत बदलली. सोयरीक जमवताना आपणही बदलली पाहिजे. इतिहासाकडे पाहिले तर उमय्या खलिफा वलीद यांनी इसवी सन ७०७ च्या सुमारास दमास्कसमध्ये कुष्ठरोग्यांच्या राहण्याची आणि उदरनिर्वाहाची सोय केली, असे इतिहासकार सांगतात. आपल्या विदर्भात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. दया करण्याची परंपरा आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आहे. आता रोग्याला वेगळे न काढता आपल्यात ठेवून बरे करण्याची वेळ आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व खेड्यातल्या गरिबांना जमणार आहे का? त्यांना नारूची आठवण करून देतो. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी नारू पाहिला असेल. पायातून हातभर लांब जंत निघत असे, आणि माणूस ऐन पेरणीत महिनाभर खाटेवर पडे. नारूवर लस नव्हती आणि जंत मारणारे औषधही नव्हते. पाणी कापडाने गाळून पिणे, नारू झालेल्याने विहिरीत पाय न बुडवणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणे, हेच मुख्य उपाय होते. ते घरोघरच्या बायकांनी केले, कारण रोज दारात येणाऱ्या माणसाचे म्हणणे त्यांना पटले. जुलै १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. हत्तीरोगाच्या बाबतीतही मालदीव आणि श्रीलंका यांनी २०१६ साली आणि बांगलादेशने २०२३ साली हे यश मिळवले आहे. आपल्या देशाने त्यासाठी २०२७ हे साल ठरवले आहे. ते गाठायचे असेल तर आपल्या मोहल्ल्यांचा वाटा त्यात हवा.

आता शेवटी आपल्याकडून काय व्हावे ते सांगतो.

पालकांनो, आशाताई दारात आली तर तिला बसायला सांगा आणि मनात जे असेल ते विचारा. ही गोळी कशाची, कोणाला द्यायची नाही, त्रास झाला तर कोणाला बोलवायचे, रक्त नेले तर निरोप केव्हा देणार. प्रश्न विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे. ज्याला उत्तर देता येते त्याला प्रश्नाचा राग येत नाही. आणि उत्तर पटले तर मग टाळू नका, तिच्यासमोर गोळी घ्या. मुलाच्या अंगावर चट्टा दिसला तर तो बाहीखाली झाकू नका.

जमातीच्या जबाबदार मंडळींनो, मोहीम कधी आहे हे आरोग्य केंद्रात आधी विचारा, रोजा, जुम्मा आणि बाजाराचा दिवस कोणता हे त्यांना सांगा, आणि जुम्म्याला दोन मिनिटे त्यासाठी द्या. प्रत्येक आजाराला इलाज ठेवलेला आहे, ही आपली श्रद्धा आहे. तो इलाज दारात आल्यावर दार लावणे त्या श्रद्धेला शोभत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गल्लीतली तुंबलेली नाली मोकळी करणे, संडासच्या हवेच्या नळीला जाळी बांधणे, डबक्यात गप्पी मासे सोडणे ही कामे तुमच्या हातची आहेत. गोळ्यांच्या दिवशी पथकाबरोबर फिरा. तुमच्या तोंडून आजी ऐकेल, परक्याच्या तोंडून ऐकणार नाही. तुमच्यापैकी काही पुढे डॉक्टर, नर्स, आरोग्य कर्मचारी होतील, इन्शाअल्लाह. त्यांना माझी खास विनंती आहे. ज्या घरून काही न्याल त्या घरी निरोप घेऊन परत जा. रजिस्टरमध्ये 'नकार' लिहिण्यापूर्वी एकदा 'का' असे विचारा. ज्याचे नाव तुमच्या यादीत आहे त्याचे नाव चारचौघांत घेऊ नका.

खाला आता हयात नाहीत. त्यांच्या त्या मुलाच्या रक्तात नंतर जंत सापडले नाहीत. त्याला आज नातवंडे आहेत, पाय धड आहेत, आणि गोळ्यांच्या दिवशी तो स्वतः पथकाला मोहल्ल्यात घेऊन जातो. त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न मी आज तुमच्या स्वाधीन करतो. आरोग्य केंद्राला तो जरूर विचारा, आणि उत्तर ऐकण्यासाठी दार उघडे ठेवा.